मुंबई इंडियन्स

मुंबई इंडियन्स हा वीस षटकांचे क्रिकेट खेळणारा मुंबईस्थित व्यावसायिक क्लब आहे. त्याचा पुरुष संघ २००८ पासून इंडियन प्रीमियर लीगमध्ये (आयपीएल) आणि महिला संघ २०२३ पासून महिला प्रीमियर लीगमध्ये खेळतो. क्लबची मालकी रिलायन्स इंडस्ट्रीजच्या इंडियाविन स्पोर्ट्स या उपकंपनीकडे आहे. २०२५ च्या हंगामापर्यंत पुरुष संघाने पाच वेळा (२०१३, २०१५, २०१७, २०१९, २०२०) आणि महिला संघाने दोन वेळा (२०२३, २०२५) विजेतेपद मिळवले. पुरुष संघाला पहिल्या विजेतेपदासाठी सहा हंगाम लागले. महिला संघाने ते पहिल्याच वर्षी मिळवले.

फ्रँचायझी संघाचे स्वरूप

महाराष्ट्रातील क्रिकेट मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन संघटनांत विभागलेले आहे. रणजी करंडकात साताऱ्याचा खेळाडू सर्वसाधारणपणे महाराष्ट्राकडून, तर बुलढाण्याचा किंवा अकोल्याचा विदर्भाकडून खेळतो. फ्रँचायझी संघाला अशी हद्द नसते. लिलावात जो बोली जिंकतो, त्याचा खेळाडू. त्यामुळे नावात मुंबई असली तरी संघ मुंबईकरांचाच असतो असे नाही. नागपूरजवळ जन्मलेला आणि बोरिवलीत वाढलेला रोहित शर्मा आयपीएलमध्ये पहिली तीन वर्षे हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सकडून खेळला आणि २०११ मध्ये मुंबईकडे आला. अमरावतीचा यष्टिरक्षक जितेश शर्मा याला मुंबईने २०१६ मध्ये संघात घेतले, परंतु त्याला एकही सामना खेळण्यास मिळाला नाही. त्याचे आयपीएल पदार्पण २०२२ मध्ये पंजाबकडून झाले. संघात निवड होणे आणि मैदानावर उतरणे यांतले अंतर या उदाहरणावरून ध्यानात येते.

लिलावात प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा असते. २०२५ च्या हंगामासाठी ती पुरुष संघांना १२० कोटी रुपये, तर महिला संघांना १५ कोटी रुपये होती. विजेत्या संघाला मिळणारी रक्कमही आयपीएलमध्ये २० कोटी आणि महिला स्पर्धेत ६ कोटी अशी आहे. एकाच क्लबचे दोन संघ, पण व्यवहाराचे माप वेगळे.

पुरुष संघ

जानेवारी २००८ मध्ये आठ शहरांच्या संघांची विक्री झाली, तेव्हा मुंबईसाठी लागलेली ११ कोटी १९ लाख डॉलरची बोली सर्वांत मोठी होती. सचिन तेंडुलकर संघाचा ‘आयकॉन’ खेळाडू होता. अशा खेळाडूला लिलावात त्याच्या संघातील सर्वांत महाग ठरलेल्या खेळाडूपेक्षा १५ टक्के अधिक मानधन मिळे. पैसा आणि नावलौकिक दोन्ही असूनही संघ पहिल्या वर्षी पाचवा, तर दुसऱ्या वर्षी सातवा आला. २०१० मध्ये सचिनने ६१८ धावा काढून हंगामातील सर्वाधिक धावांचा मान मिळवला आणि संघ अंतिम फेरीत पोहोचला, मात्र नवी मुंबईत चेन्नईने त्याचा २२ धावांनी पराभव केला. २०११ मध्ये हरभजनसिंगच्या नेतृत्वाखाली चॅम्पियन्स लीग जिंकली, ते क्लबचे पहिले विजेतेपद.

आयपीएलचे पहिले विजेतेपद २०१३ मध्ये मिळाले. हंगामाच्या मध्यावर रिकी पाँटिंगने स्वतःला संघाबाहेर ठेवून नेतृत्व रोहितकडे सोपवले. २६ मे रोजी कोलकात्यात चेन्नईवर २३ धावांनी मात झाली आणि सचिनने आयपीएलचा निरोप घेतला. त्याच वर्षी गुजरातचा एक अनोळखी, विचित्र शैलीचा वेगवान गोलंदाज संघात दाखल झाला होता. प्रशिक्षक जॉन राइट यांनी त्याला देशांतर्गत स्पर्धेत हेरले होते. जसप्रीत बुमराह याने पहिल्याच सामन्यात विराट कोहलीचा बळी मिळवला. दोन वर्षांनी हार्दिक पंड्या अवघ्या १० लाखांत मिळाला. संघाच्या यशाचे श्रेय बहुधा मालकांच्या श्रीमंतीला दिले जाते. खर्चाची मर्यादा सर्वांना सारखीच असल्याने ते श्रेय खेळाडू हेरणाऱ्यांना देणे अधिक न्याय्य ठरेल.

सावकाश सुरुवात ही या संघाची जुनी खोड. २०१४ मध्ये पहिले पाच, तर २०१५ मध्ये पहिले चार सामने गमावले. तरीही २०१४ मध्ये बाद फेरी गाठली आणि २०१५ मध्ये करंडक जिंकला.

२०१७ चा अंतिम सामना मराठी प्रेक्षकांच्या दृष्टीने विशेष होता, कारण समोर पुण्याचा संघ होता. हैदराबादमध्ये मुंबईला केवळ १२९ धावा करता आल्या. शेवटच्या षटकात पुण्याला ११ धावा हव्या होत्या. मिचेल जॉन्सनच्या पहिल्याच चेंडूवर मनोज तिवारीने चौकार मारला, पण पुढच्या दोन चेंडूंवर तिवारी आणि अर्धशतक केलेला कर्णधार स्टीव्ह स्मिथ असे दोघेही बाद झाले. मुंबई एका धावेने जिंकली. मुंबई-पुणे वादाला त्या रात्री एक नवा मुद्दा मिळाला. २०१९ चा अंतिम सामनाही हैदराबादलाच आणि एकाच धावेने जिंकला गेला. त्यात लसिथ मलिंगाने अखेरच्या चेंडूवर चेन्नईच्या शार्दूल ठाकूरला पायचीत केले. २०२० मध्ये दुबईत दिल्लीला हरवून मुंबई पाच विजेतेपदे मिळवणारा पहिला संघ ठरला. चेन्नईने २०२३ मध्ये ही बरोबरी साधली.

त्यानंतरचा काळ पडता आहे. २०२२ आणि २०२४ मध्ये संघ तळाला राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये रोहितऐवजी हार्दिकला कर्णधार करण्यात आले; तो निर्णय अनेक चाहत्यांना रुचला नाही आणि वानखेडेवर आपल्याच संघाच्या कर्णधाराची हुर्यो उडवण्याचा अशोभनीय प्रकार घडला. २०२५ मध्ये संघ पुन्हा बाद फेरीत पोहोचला.

महिला संघ

पुरुषांची स्पर्धा सुरू झाल्यानंतर पंधरा वर्षांनी महिलांची स्पर्धा सुरू झाली. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईचा महिला संघ ९१२.९९ कोटी रुपयांना घेतला गेला. हरमनप्रीत कौर कर्णधार, इंग्लंडच्या शार्लट एडवर्ड्स मुख्य प्रशिक्षक आणि झुलन गोस्वामी मार्गदर्शक व गोलंदाजी प्रशिक्षक झाल्या. जवळपास वीस वर्षे भारताकडून खेळलेल्या झुलन यांनी आदल्याच वर्षी निवृत्ती घेतली होती. या स्पर्धेत खेळाडू म्हणून उतरण्याची संधी त्यांच्या पिढीला मिळाली नाही.

४ मार्च २०२३ रोजी नवी मुंबईच्या डॉ. डी. वाय. पाटील क्रीडांगणावर उद्घाटनाचा सामना झाला. हरमनप्रीतने ३० चेंडूंत ६५ धावा केल्या. मुंबईच्या २०७ धावांपुढे गुजरातचा डाव ६४ धावांत आटोपला. लिलावात १० लाखांना मिळालेल्या बंगालच्या साइका इशाक हिने त्या हंगामात १५ बळी घेतले. इसी वाँगने स्पर्धेतील पहिली हॅटट्रिक साधली. २६ मार्चला ब्रेबॉर्नवर अंतिम सामन्यात दिल्लीची अवस्था ९ बाद ७९ अशी होती. कांदिवलीत वाढलेली राधा यादव आणि गोव्याची शिखा पांडे यांनी अखेरच्या जोडीसाठी नाबाद ५२ धावा जोडून सामन्यात रंगत आणली. मुंबईने १३२ धावांचे लक्ष्य तीन चेंडू राखून गाठले. नॅट सिव्हर-ब्रंट ६० धावांवर नाबाद राहिली.

२०२४ चा हंगाम बंगळूर आणि दिल्ली येथेच झाल्यामुळे संघाला घरच्या मैदानावर एकही सामना मिळाला नाही. पहिल्या तीन हंगामांत महिला संघ वानखेडेवर एकदाही खेळला नाही, ही बाब क्लबच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे. त्या हंगामाच्या पहिल्या सामन्यात दिल्लीविरुद्ध शेवटच्या चेंडूवर पाच धावा हव्या असताना केरळच्या वायनाडची सजना सजीवन मैदानात आली आणि तिने आपल्या पहिल्याच चेंडूवर षटकार मारला. १५ मार्च २०२५ रोजी ब्रेबॉर्नवर दिल्लीलाच आठ धावांनी हरवून संघाने दुसरा करंडक मिळवला. हरमनप्रीतने ६६ धावा केल्या. सिव्हर-ब्रंटच्या त्या हंगामात ५२३ धावा झाल्या. एका हंगामात पाचशेचा टप्पा ओलांडणारी ती या स्पर्धेतील पहिली खेळाडू होय.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी हरमनप्रीतच्या नेतृत्वाखाली भारताने एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तोही डॉ. डी. वाय. पाटील क्रीडांगणावरच. लॉरा वोल्वार्टचा निर्णायक झेल घेणारी अमनजोत कौर हीसुद्धा मुंबई इंडियन्सकडून खेळलेली खेळाडू आहे.

मैदान आणि प्रेक्षक

पुरुष संघाचे घरचे मैदान वानखेडे असून संघाचे रंग निळा व सोनेरी आहेत. दर हंगामात एक सामना स्वयंसेवी संस्थांमधील मुलांसाठी राखून ठेवला जातो. १६ एप्रिल २०२३ च्या अशा सामन्याला सुमारे १९ हजार मुली उपस्थित होत्या आणि पुरुष संघ त्या दिवशी महिला संघाचा गणवेश घालून कोलकात्याविरुद्ध खेळला. अर्जुन तेंडुलकरचे आयपीएल पदार्पण याच सामन्यात झाले.

याच मालकीचे संघ एमआय केपटाउन, एमआय एमिरेट्स आणि एमआय न्यूयॉर्क या नावांनी अनुक्रमे दक्षिण आफ्रिका, संयुक्त अरब अमिराती आणि अमेरिका येथील स्पर्धांत खेळतात. न्यूयॉर्कच्या संघाने २०२३ व २०२५ मध्ये, एमिरेट्सने २०२४ मध्ये, तर केपटाउनने २०२५ मध्ये आपापली स्पर्धा जिंकली.