गोधडीत साप गरम होईल का?

मित्रांनो, एक सोपा प्रयोग करा. खोलीचं तापमान दाखवणारा थर्मामीटर घ्या, जाड गोधडीत गुंडाळा आणि तासाभराने उघडून बघा. पारा किती चढला? मुळीच नाही! मग रात्री त्याच गोधडीत आपल्याला ऊब कशी येते? अहो, ती ऊब गोधडीची नसतेच. ती आपल्याच अंगाची. गोधडी तिला फक्त बाहेर जाऊ देत नाही. बर्फवाला लादी भुशात ठेवतो, तो काय बर्फाला गरम करायला?

आता सापाला गोधडीत ठेवलं तर? थर्मामीटरसारखीच गत. साप स्वतःच्या अंगात आपल्याइतकी उष्णता तयार करत नाही, आजूबाजूची घेतो. (अजगराची मादी मात्र अंड्यांभोवती वेटोळं घालून चक्क कुडकुडते आणि त्यांना ऊब देते!)

आपल्याकडचे साप पकडून घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हे ध्यानात ठेवा बरं का. पण अमेरिकेत 'कॉर्न स्नेक' नावाचा बिनविषारी साप पुष्कळ मुलं पाळतात. त्याच्या काचेच्या पेटीत एका टोकाला विजेवर साधारण ३० अंश सेल्सिअस ऊब ठेवतात आणि दुसरं टोक थंड. साप आपला आपण इकडेतिकडे सरकतो.

पण वीजच गेली तर? फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास राज्यात असंच झालं. डॅलसला पारा उणे १९ अंशांपर्यंत उतरला आणि राज्यातली ४५ लाखांहून जास्त घरं-दुकानं अंधारात गेली. काही ठिकाणी वीज कित्येक दिवस नव्हती.

अशा वेळी महागडं यंत्र लागत नाही. थर्माकोलचा खोका, उशीचा अभ्रा आणि गरम पाण्याच्या दोन बाटल्या पुरतात. पाणी हळूहळू निवतं, म्हणून ते उष्णतेचं उत्तम कोठार. खोक्याला हवेसाठी भोकं पाडायची. साप अभ्र्यात घालून अभ्र्याचं तोंड बांधायचं. बाटलीत उकळतं नव्हे, नुसतं गरम पाणी भरायचं, बूच घट्ट लावायचं आणि बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवायची. म्हणजे फार गरम झालं, तर सापाला दुसरीकडे सरकता येतं. आत थर्मामीटर हवाच, हाताच्या अंदाजावर जाऊ नका. पाणी कोमट झालं की बदलायचं. आणि हो, आता बाहेरून गोधडी लपेटा! आत उष्णता आहे, ती अडवायला गोधडी खरंच उपयोगी. भोकं तेवढी मोकळी ठेवा.

टॉवेल कशाला, असं विचाराल. पोटाखालची वस्तू चटका देतेय, हे पुष्कळदा सापाच्या वेळेवर लक्षातच येत नाही. तो तिथेच पडून राहतो आणि भाजतो. पाळीव सापांच्या डॉक्टरांकडे अशी भाजलेली पोटं नेहमी येतात.

थंड देशांत खिशात ठेवायच्या गरम पुड्या मिळतात. त्यांतल्या लोखंडाच्या भुकटीला हवा लागली की ती गंजते आणि तापते. मात्र त्यासाठी ती हवेतला ऑक्सिजन घेते, म्हणून पुडी खोक्याच्या बाहेरून चिकटवायची, आत नाही.

कोळशाची शेगडी मात्र घरात पेटवायचीच नाही, सापासाठीही नाही आणि स्वतःसाठीही. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. टेक्सासमध्ये त्या थंडीत या वायूने माणसं दगावली.

निरोगी, मोठा कॉर्न स्नेक एखाद-दोन दिवस १८ अंशांतही तग धरतो. आफ्रिकेतल्या 'बॉल पायथन'ला तेवढं जमत नाही. पण थंडीत खायला घातलं, तर दोघांचेही हाल होतात. ऊब नसली की पचन थांबतं, गिळलेला उंदीर पोटात सडू लागतो आणि साप तो ओकून टाकतो. म्हणून वीज येईपर्यंत उपास. वीज आल्यावरही पेटी नीट तापू द्यायची, एक-दोन दिवस थांबायचं आणि मग एखादा लहानसाच उंदीर द्यायचा.