सुरगाठ

"अम्मा रातभर दूध माँग रही थीं," सिस्टर म्हणाली. आत्या दूध मागत नव्हती. घरी शेगडीवर दूध उतू जातंय, माझे हात सोडा, मला उठू द्या, असं ती सांगत होती. मराठीत. सारा जन्म ग्वाल्हेरात गेलेली, जनकगंजातल्या भाजीवाल्यापासून शेजारणींपर्यंत सगळ्यांशी फर्डं हिंदी बोलणारी 81 वर्षांची बाई भ्रमात गेली ती थेट माहेरच्या भाषेत. आयसीयूतल्या कुणालाच त्यातला 'दूध' सोडून एक शब्द कळला नाही.

खुब्याच्या ऑपरेशननंतरची ती दुसरी रात्र. तिनं सलाईनची सुई उपटली, लघवीची नळी ओढली, म्हणून गॉजच्या पट्टीनं दोन्ही मनगटं पलंगाच्या कठड्याला बांधली. नातेवाइकांना आत थांबायची मुभा नव्हती. सकाळी भेटीच्या वेळी मी गेलो तेव्हा गॉज पिळून दोरीसारखं झालं होतं, डावा पंजा सुजला होता आणि गाठी इतक्या आवळल्या होत्या की सिस्टरला कात्री आणावी लागली. निरगाठ होती ती. "बारह पेशंट हैं, हम दो," ती म्हणाली. तिच्यावर रागावणं मला जमलं नाही. रात्रभर ती एकदाही बसली नव्हती, हे तिच्या पायांकडे पाहूनच कळत होतं.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. पण आत्याला वॉर्डात हलवल्यावर पुढच्या दोन रात्री तिथे जे पाहिलं, ते मात्र सविस्तर लिहायला हवं.

वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर भिंडच्या. संध्याकाळी आत्या पुन्हा चादर ओढू लागली, तेव्हा त्यांनी पट्टीला हातही लावला नाही. आधी ओटीपोट चाचपलं, लघवीची नळी कुठे दुमडली आहे का पाहिलं. मग ताप, ऑक्सिजन, आणि सकाळच्या रिपोर्टातलं सोडियम. ते उतरलं होतं. दुखतंय का, हे आत्याला विचारायला मला लावलं. नंतर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इनका चश्मा कहाँ है? कान की मशीन?" दोन्ही माझ्या पिशवीत. ऑपरेशनआधी काढून दिलेले, मी जपून ठेवलेले! तीन दिवस ती बाई न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या खोलीत अनोळखी हातांशी झगडत होती. मशीन कानात बसल्यावर मी म्हटलं, "आत्या, दूध उतरवलं." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि चादर सोडली.

वयस्क माणसांत ऑपरेशननंतर असा भ्रम पुष्कळदा होतो. जंतुसंसर्ग, क्षारांची घसरण, वेदना, झोपमोड, काही औषधं यांनी तो येतो आणि कारण सापडलं की बहुधा उतरतो. बांधल्यानं तो वाढतो. बांधलेल्या रुग्णांनीही नळ्या उपटल्याच्या नोंदी जगभर आहेत.

तरी एकदा बांधावं लागलं. रात्री दोनला सुई पुन्हा निघाली, रक्त आलं, आणि नवी सुई टोचू देईना. सिस्टरनी आधी ड्युटी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पाहून केसपेपरवर कारण आणि वेळ लिहिली. मग मनगटाखाली मऊ कापडाची घडी, वर रुंद पट्टी, आणि पट्टीखाली आपली दोन बोटं सरकवून पाहिली. दुसरं टोक कठड्याला नाही, पलंगाच्या सांगाड्याला. कठडा खाली केला तर हात हिसकला जातो. गाठ सुरगाठ, तिचं टोक आत्याच्या हाती लागणार नाही असं. मग नख दाबून सोडलं, गुलाबी रंग परत येतो का ते पाहिलं. फक्त उजवा हात, आणि सगळा वेळ सिस्टर शेजारी. वीस मिनिटांनी एका हिसक्यात गाठ सुटली. "आग लगे तो कैंची ढूँढने का टाइम नहीं मिलता," त्या म्हणाल्या.

तमिळनाडूतल्या एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 रोजी मनोरुग्णांच्या एका खासगी आश्रमाला आग लागली. साखळ्यांनी जखडलेल्या माणसांना पळता आलं नाही. 28 जण गेले.

आमच्या गावचीही या बाबतीत एक कहाणी आहे. इथल्या मानसिक आरोग्यशाळेची अवस्था सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. नोव्हेंबर 1997 मध्ये न्यायालयानं आग्रा, रांची आणि ग्वाल्हेर इथल्या मनोरुग्णालयांवर देखरेख ठेवण्याचं काम राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवलं. पुढे 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. त्यानं साखळीवर पूर्ण बंदी घातली. बांधायचंच तर तात्काळ इजा टाळायला दुसरा उपायच नसेल तेव्हा, मनोविकारतज्ज्ञाच्या मंजुरीनं, गरजेपेक्षा एक क्षणही जास्त नाही. प्रकार, कारण आणि कालावधी लिहायचा, रुग्णानं नेमलेल्या प्रतिनिधीला 24 तासांत कळवायचं. शिक्षा म्हणून बांधायचं नाही. आणि याच कायद्याच्या कलम 97 मध्ये स्वच्छ लिहिलं आहे की कर्मचारी कमी आहेत, एवढ्याच कारणानं कुणाला बांधता येणार नाही.

हे वाचताना मला ती दमलेली सिस्टर आठवली. बारह पेशंट, हम दो. हा कायदा मानसिक आरोग्य संस्थांसाठी केलेला आहे. हाड मोडून आयसीयूत पडलेली म्हातारी त्याच्या डोळ्यांसमोर नव्हती. ती असायला हवी. मनोरुग्णाच्या हाताला जे संरक्षण मिळालं, ते माझ्या आत्याच्या हाताला का नसावं, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

घरातलं वयस्क माणूस भरती करताना चष्मा आणि कानाची मशीन त्याच्या उशाशीच राहील असं बघा. ते कोणती भाषा बोलतं ते फाईलवर ठळक लिहून द्या, आठ-दहा रोजचे शब्द सिस्टरना सांगून ठेवा. रात्री एकाला तरी जवळ बसू द्या, असा हट्ट धरा. हात बांधलेले दिसले तर तीन प्रश्न विचारा: कुणी सांगितलं, किती वाजता बांधले, कधी सोडणार?

डिस्चार्जनंतर मी आत्याची फाईल पहिल्यापासून वाचली. वॉर्डातली वीस मिनिटं त्यात वेळेसकट आहेत. आयसीयूतल्या त्या रात्रीपुढे एवढंच लिहिलं आहे: रुग्ण अस्वस्थ, इंजेक्शन दिले. पट्टीचा उल्लेख कुठेही नाही.