धानाच्या बांध्यांलगतची निर्विष शाळा

मोहाडी हा भंडारा जिल्ह्यातील धान पिकविणारा तालुका. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्याच सुमारास येथे रोवणीची तयारी सुरू होते. रोवणी आटोपली की खोडकिडा, गादमाशी आणि पुढे तुडतुडे यांच्या बंदोबस्तासाठी फवारणीचे दिवस येतात. धानाच्या मुलखात शाळेचे कुंपण आणि बांधी यांत कित्येकदा एका धुऱ्याचेच अंतर असते. ज्या बालकास दमा आहे, उग्र वासाने ज्याचा श्वास कोंडतो, त्याच्या आईवडिलांना हे दिवस जड जातात.

शहरात अशा मुलासाठी दुसरी शाळा शोधता येते. खेड्यात एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा असावी, ही शिक्षण हक्क कायद्याची अपेक्षा. आणि बहुधा ती एकच असते. म्हणून येथे निर्विष शाळा शोधावयाची नसून असलेली शाळा निर्विष करावयाची आहे. ‘रासायनिक संवेदनशीलता’ हा स्वतंत्र आजार मानावा की नाही, याविषयी वैद्यकशास्त्रात एकमत नाही. परंतु धूर, रंग व कीटकनाशके यांच्या वाफांनी दमा उफाळतो, याबद्दल वाद नाही. शिवाय वजनाच्या मानाने मूल प्रौढापेक्षा अधिक हवा आत घेते.

वाऱ्याबरोबर येणारे विष किती दूर पोचते, याचे उदाहरण केरळच्या कासरगोड जिल्ह्यात घडले. तेथे काजूच्या बागांवर दोन दशकांहून अधिक काळ विमानातून एंडोसल्फान फवारले गेले. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या अभ्यासात पडरे गावातील शाळकरी मुलांच्या रक्तात ते आढळले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये या औषधावर देशभर बंदी घातली. पाठीवरच्या पंपाची फवारणी इतकी दूर जात नाही हे खरे. पण धुऱ्यापलीकडच्या वर्गात ती सहज येते.

उपाय खर्चाचा नाही. शाळेलगतच्या बांध्यांत रविवारी किंवा शाळा सुटल्यावर, वारा शाळेकडून शेताकडे वाहत असताना फवारावे. कुंपणाजवळचा पट्टा सोडावा. पंप शाळेच्या हातपंपावर धुऊ नये. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २००० साली कायदा करून शाळेच्या आवारात फवारणीपूर्वी २४ तास सूचनाफलक लावणे व तो नंतर ७२ तास ठेवणे आवश्यक केले. आपल्याकडे मुख्याध्यापकाला आदल्या दिवशी निरोप मिळाला तरी खिडक्या मिटता येतात आणि दमेकरी मुलाला दूरच्या खोलीत बसविता येते. १५ ऑगस्टची ग्रामसभा फवारणीच्या ऐन हंगामात येते. हा विषय तेथेच घ्यावा. शेजारच्या शेतकऱ्याला दोषी ठरवून मात्र काही साधणार नाही. त्याची मुले बहुधा त्याच शाळेत असतात.

शेताइतकेच लक्ष शाळेच्या स्वयंपाकघराकडे हवे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावी शालेय भोजनातून विषबाधा होऊन २३ बालके दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस आढळले. औषधाच्या रिकाम्या डब्यात तेल ठेवले गेले असावे, असे तपासात दिसून आले. औषधाचा डबा कितीही धुतला तरी तो धान्यातेलाच्या कामाचा राहत नाही. तो निकामी करूनच टाकावा. तांदळाला कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या शाळेत आणूच नयेत. ओलाव्याने त्यांतून प्राणघातक वायू सुटतो. तांदूळ कोरड्या, झाकणाच्या कोठीत ठेवावा आणि वेळच्या वेळी निवडावा. चुलीऐवजी गॅस वापरल्यास वर्गात धूर येत नाही, हाही मोठाच लाभ.

इमारतीची देखभालही महत्त्वाची. रंगातील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्यापूर्वीच्या दारे-खिडक्यांचा जुना रंग कोरडा खरवडू नये, कारण ती धूळ मुलांच्या पोटात जाते. रंगकाम व वाळवीचे औषध दीर्घ सुटीतच उरकावे. ॲस्बेस्टॉसचे पत्रे शाळा भरलेली असताना कापू वा फोडू नयेत. पालापाचोळा जाळण्यापेक्षा त्याचे खत करावे; त्यात प्लास्टिक मिसळून पेटविणे तर सर्वथा अयोग्य.

इतके करूनही एखादे मूल फवाऱ्यात सापडले आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ येऊ लागली, घाम फुटला, श्वास लागला, तर त्याचे कपडे काढून अंग साबणपाण्याने धुवावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. औषधाच्या डब्यावरील लेबल सोबत न्यावे. त्यावरील त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा. औषधाचे नाव कळले की डॉक्टरांना नेमका उतारा लगेच देता येतो.