चष्मा उतरविण्यापूर्वीं

“मुलीचें लग्न ठरावयाचें आहे, तेव्हां तिचा चष्मा लेसरनें घालवून टाकावा,” असा विचार अलीकडे पुष्कळ घरांतून ऐकूं येतो. त्यापूर्वीं हें शस्त्रकर्म काय करितें तें समजून घेणें अवश्य आहे.

ऱ्हस्वदृष्टींत नेत्रगोल बहुधा वाजवीपेक्षां लांब असतो. त्यामुळें दूरच्या वस्तूची प्रतिमा आंतील पडद्याच्या अलीकडेच पडते. लेसर ही लांबी कमी करीत नाहीं. तो पुढील पारदर्शक पटलाचा मध्यभाग तासून किंचित् सपाट करितो, म्हणजे प्रतिमा पडद्यावर येते. आसपासचा भाग न भाजतां हे किरण असा सूक्ष्म छेद घेतात, हें १९८१ सालीं अमेरिकेंत दाखविणाऱ्या तिघां शास्त्रज्ञांपैकीं रंगस्वामी श्रीनिवासन् हे मद्रासेंत जन्मलेले.

हें पटल मध्यभागीं सुमारें अर्धा मिलिमीटर जाड असतें, आणि तासलेला अंश पुनः भरून येत नाहीं. म्हणून वय १८ पूर्ण झालेलें, नंबर निदान वर्षभर स्थिर, व पटलाची जाडी आणि आकार निर्दोष, इतकें जुळल्यावांचून पुढें जाऊं नये. कांहींचे डोळे मागाहून कोरडे पडतात, कांहींना रात्रीं दिव्यांभोंवतीं वलयें दिसतात. या शस्त्रकर्मानें चाळिशी चुकत नाहीं. आणि नेत्रगोल लांबच राहिल्यामुळें पडदा सुटण्याचें भयही कायम राहतें.

सारांश, चष्मा जातो, डोळा तोच राहतो. जिला स्वतःला हवें असेल, त्या मुलीला वडीलधाऱ्यांनीं खुशाल साह्य करावें. पण जिची मागणीच नाहीं, तिच्या डोळ्यांवर परक्याच्या पसंतीसाठीं शस्त्र चालवूं नये.