‘रगल्स ऑफ रेड गॅप’ : बोलपटातील वाणी आणि समता

लिओ मॅकॅरी दिग्दर्शित ‘रगल्स ऑफ रेड गॅप’ (१९३५) हा विनोदी बोलपट ब्रिटिश व अमेरिकी संस्कृतींतील संघर्षाचे मार्मिक दर्शन घडवितो. हॅरी लिऑन विल्सन यांच्या १९१५ मधील कादंबरीवर तो आधारलेला आहे. १९०८ मध्ये पॅरिस येथे एक इंग्रज उमराव पोकरच्या डावात आपला सेवक रगल्स (चार्ल्स लॉटन) गमावतो. रगल्स हा सौदा आज्ञा म्हणून स्वीकारतो. नवा अमेरिकी मालक मात्र त्याला ‘कर्नल’ म्हणतो, आपल्या शेजारी बसवितो. तेव्हा तो अवघडतो. पणाला लागणे सोसवते, पण बरोबरी सोसवत नाही, ही विसंगतीच येथील विनोदाचे मूळ होय.

पुढे रेड गॅप या अमेरिकी गावातील मद्यगृहात, लिंकन यांनी १८६३ मध्ये गेटिसबर्ग येथे केलेले भाषण कोणालाच आठवत नाही. रगल्स ते हलक्या आवाजात म्हणू लागतो. कॅमेरा स्तब्ध झालेल्या श्रोत्यांचे चेहरे टिपतो. या कादंबरीवर १९१८ व १९२३ मध्ये मूकपट निघाले होते. परंतु इंग्रजी वळणाच्या वाणीतून अमेरिकी समतेचा उच्चार ऐकविण्याचे सामर्थ्य बोलपटालाच लाभले. ज्यांना हा वारसा जन्माने मिळाला ते तो विसरले. ज्याने वाचनाने मिळविला त्याने तो आचरणात आणला. रगल्स अखेरीस सेवकाचे जिणे सोडून स्वतःचे उपाहारगृह काढतो. समतेचे तत्त्व अशा रीतीने त्याच्या उपजीविकेत मूर्त होते.