मागचं पान, पुढचं पान

आजचा विषय छोटा आहे: स्थिर संकेतस्थळाच्या प्रत्येक पानाखाली ‘मागचं’ आणि ‘पुढचं’ हे दुवे कसे ठेवायचे. स्थिर म्हणजे सर्व्हरवर जशी फाइल ठेवली तशीच वाचकाला मिळते. शेजारचं पान कोणतं, हे तिला आपणच लिहून द्यावं लागतं.

टी. नगरमध्ये बसून मी तंजावरच्या भोसल्यांवर असं संकेतस्थळ चालवतो. एका राज्यकर्त्याचं एक पान. तंजावरी मराठी बोलणाऱ्या घरांतली मुलं ते फोनवर वाचतात. अनुक्रमणिकेकडे कोण परततंय! अंगठा थेट ‘पुढचं’वर.

समजा, दुसरा एकोजी आणि दुसरा शहाजी यांची पानं तयार आहेत आणि मध्ये सुजानबाईचं पान घालायचंय. 1737-38च्या सुमारास गादी सांभाळणारी ही राणी. नव्या पानावर दोन दुवे लिहिले, पण एकोजीच्या पानावरचा जुना दुवा शहाजीकडेच राहिला तर? तो तुटलेला नाही, त्यामुळे तुटके दुवे शोधणाऱ्या तपासणीत सापडणारच नाही. वाचक राणीला ओलांडून जाईल आणि त्याला कळणारही नाही.

म्हणून दुवे हातानं लिहू नका. पानांचा क्रम एकाच यादीत ठेवा आणि आपल्याच संगणकावर छोट्या प्रोग्रॅमनं सगळी पानं पुन्हा तयार करून मग चढवा. यादीत वरचं नाव ते मागचं, खालचं ते पुढचं. फौजेत ताफ्याचा क्रम एकाच आदेशात असतो, प्रत्येक ड्रायव्हर स्वतःचा ठरवत नाही, तसंच हे.

ह्यूगो, जेकिल, इलेव्हन्टी ही साधनं हे काम करतात. पण जेकिलमध्ये पोस्टचा क्रम तारखेवरून लागतो. आज लिहिलेली सुजानबाई मग शेवटच्या राजाच्याही पुढे जाऊन बसेल! इतिहासाला आपलीच यादी बरी.

फाइलच्या नावात पानाचा क्रमांक घालू नका. मध्ये एक पान आलं की पुढचे सगळे पत्ते बदलतात, आणि लोकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले दुवे वाया जातात. दुव्यावर नुसतं ‘पुढचं’ नको, ‘पुढचं: सुजानबाई’ असं लिहा, ऐकून वाचणाऱ्या दृष्टिहीनांनाही कुठे जातोय ते कळतं.

पहिल्या पानाला मागचं नाही, शेवटच्याला पुढचं नाही. तिथं मेलेलं बटण ठेवू नका. 1855मध्ये वारलेल्या शिवाजीराजांच्या पानाखाली मी फक्त अनुक्रमणिकेचा दुवा दिलाय.