‘अभ्यास कर, नाहीतर गॅरेजला टाकीन’ हे वाक्य कसं बंद होईल?



आज गॅरेजवाल्यांना एक सरळ प्रश्न. तुमचा मुलगा दहावीनंतर म्हणाला, "बाबा, मला गॅरेजमध्येच काम करायचंय," तर तुम्ही काय म्हणाल? ट्रेनिंगला येणाऱ्या मालकांना मी हे विचारतो. बहुतेक जण हसतात आणि म्हणतात, "नको सर, त्याने तरी काहीतरी चांगलं शिकावं." म्हणजे आपलं काम हलकं आहे हे लोकांच्या आधी आपणच मान्य केलंय. मग शेजारी पोराला गॅरेजची भीती घालतो तेव्हा राग कशाला?

याची किंमत आपणच मोजतो. हाताखाली चांगली पोरं मिळत नाहीत. मिळालीच, तर लग्नाचं बघायला लागल्यावर घरचे म्हणतात, "गॅरेजवाल्याला मुलगी कोण देणार?" मग चार वर्षं शिकलेलं काम सोडून पोरगा कमी पगाराची, पण स्वच्छ शर्टाची नोकरी धरतो.

काम बदललं, चित्र तेच राहिलं

लोकांच्या डोक्यातला मेकॅनिक अजून कार्बोरेटरच साफ करतोय. पण १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झालं आणि साध्या स्कूटरलाही फ्युएल इंजेक्शन आलं, सेन्सर आले.

एक उदाहरण घ्या. कार झटके मारतेय, चेक इंजिनचा दिवा लागलाय. स्कॅनर लावला, कोड आला पी०३०१. म्हणजे एक नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. गिऱ्हाईक म्हणतं, "मशीननेच सांगितलं, तुम्ही काय केलं?"

पण मशीनने फक्त कुठे ते सांगितलं, का ते नाही सांगितलं. प्लग असेल, कॉइल असेल, इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशनही असेल. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर चांगला कारागीर एक आणि दोन नंबरच्या कॉइलची अदलाबदल करतो, कोड पुसतो आणि गाडी चालवून बघतो. आता पी०३०२ आला तर दोष कॉइलमध्ये. पुन्हा पी०३०१ आला तर कॉइल ठीक, पुढे शोधा. एकही नवा पार्ट न घालता खात्री झाली. हे डोक्याचं काम आहे.

आणि आपल्या बिलावर काय असतं? "कॉइल", आणि खाली "मजुरी". ज्या डोक्याने दोष शोधला त्याची ओळच नाही! जे आपणच बिलात लिहीत नाही, त्याला लोक मान कुठून देणार?

उद्यापासून करायच्या चार गोष्टी

१. बिलात "तपासणी" ही वेगळी ओळ टाका. रक्कम गाडीला हात लावायच्या आधी सांगा, म्हणजे नंतर घासाघीस होत नाही.

२. काढलेला पार्ट गिऱ्हाइकाला दाखवा आणि का बदलला ते दोन वाक्यांत सांगा. "मेकॅनिक फसवतात" या समजावर हाच खरा उपाय आहे. आणि हे मालकाने नको, ज्याने काम केलं त्यालाच बोलू द्या.

३. "ए बारक्या", "ए छोट्या" बंद. नावाने हाक मारा. आपण ज्याला अरे-तुरे करतो, त्याला गिऱ्हाईक अहो म्हणणार नाही.

४. पगार ठरल्या तारखेला आणि बँकेत द्या. स्लिप द्या. लग्नाच्या बोलणीत किंवा कर्ज काढताना हाच कागद पोराच्या बाजूने बोलतो. पगारच तुटपुंजा असेल तर मात्र नुसत्या मानाच्या गप्पा मारून पोरं टिकणार नाहीत.

पालकांना खरं सांगा

शिकाऊ पोराच्या आई-वडिलांना एकदा गॅरेजवर बोलवा, स्कॅनरवरचं काम दाखवा. दहावीनंतर आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेइकलचा २ वर्षांचा आणि मेकॅनिक डिझेलचा १ वर्षाचा ट्रेड आहे, हे सांगा. इलेक्ट्रिक गाड्यांचाही ट्रेड आलाय. पण काम सोपं आहे असं खोटं सांगू नका. पाठ दुखते, उन्हाळ्यात गरम इंजिनवर हात घालावा लागतो, हात काळे होतात. हात काळे होणं ही लाजेची गोष्ट नाही, एवढं त्यांना आपल्या वागण्यातून दिसलं पाहिजे.

आजचा होमवर्क: मागच्या महिन्यातलं एक बिल काढा आणि "तपासणी"ची ओळ टाकून पुन्हा लिहा. मग ते घरी मुलाला दाखवा आणि तो दोष कसा शोधला ते समजावून सांगा. सुरुवात तिथूनच होईल.

भेटू पुढच्या व्हिडिओत!